मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : चर्चा खुली असावी की मर्यादित?

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजेच मूळ आज्ञावली, कोणालाही वाचण्याची, बदलण्याची व वितरित करण्याची मुभा असते, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. केंद्र सरकारने २०१५ च्या धोरणान्वये ई-प्रशासनात अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले. मात्र आज्ञावली खुली असणे आणि तिच्याविषयीची चर्चा खुली असणे, या दोन भिन्न बाबी आहेत.

नवी दिल्लीतील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या 'आरोग्य सेतू'चे उदाहरण घेऊ. २ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या या ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीची आज्ञावली २६ मे २०२० रोजी खुली झाली. तेव्हा वापरकर्त्यांची संख्या ११ कोटींहून अधिक होती. सर्व्हरवरील आज्ञावली मात्र त्या दिवशी खुली झाली नाही. परिणामी, फोनमधून कोणती माहिती बाहेर जाते हे तपासता येत होते; तिचे पुढे काय होते, हे नव्हे. सुरक्षेतील त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षिसेही जाहीर झाली; पण त्रुटी जाहीरपणे न मांडता विकासकांना ई-मेलने कळवायची होती.

ही गुप्तता अनाठायी नव्हे. सर्वसाधारण चर्चा खुली असल्यास चुका लवकर उघड होतात, निर्णयांमागील कारणांची नोंद राहते आणि नवोदितांना शिकता येते. सुरक्षेतील त्रुटी मात्र दुरुस्तीपूर्वीच जाहीर झाल्यास तिचा पहिला लाभ हल्लेखोरास मिळतो.

तथापि मर्यादित चर्चेचीही किंमत असते. 'ओपन-एसएसएल' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील 'हार्टब्लीड' ही त्रुटी ७ एप्रिल २०१४ रोजी दुरुस्तीसह जाहीर झाली. काही मोजक्या कंपन्यांना ती आधीच कळली होती व त्यांनी आपल्या यंत्रणा सुरक्षित केल्या होत्या. इतरांची धावपळ नंतर सुरू झाली. अर्थशास्त्रात यासच माहितीची विषमता म्हणतात. वर्तुळात कोणास प्रवेश द्यावयाचा, हा म्हणूनच न्यायाचाही प्रश्न ठरतो. भारतात अशा त्रुटींबाबत समन्वयाचे काम माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब अन्वये 'सर्ट-इन' ही राष्ट्रीय संस्था करते.

सारांश, खुलेपणा हा नियम व गुप्तता हा अपवाद असावा. अपवादास कारण, मुदत आणि दुरुस्तीनंतर सर्व तपशील जाहीर करण्याचे बंधन असावे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या सॉफ्टवेअरबाबत नागरिकांची ही किमान अपेक्षा रास्तच आहे.