हातांवरचा तंबाखूचा वास

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांतून स्त्रिया मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसतात. सुपात कात्रीने कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखूचा चुरा. काम संपले की त्याच हातांनी भाकरी थापायची, तान्ह्याला जवळ घ्यायचे. तंबाखूचा वास मात्र हात सोडत नाही.

प्रश्न नुसत्या वासाचा नाही. तंबाखूतील निकोटिन त्वचेतून शरीरात शिरते, हातांवरून अन्नातही जाऊ शकते. म्हणून सुपावरून उठताच, चुलीकडे वळण्याआधी हात धुवावेत.

आधी कोरड्या फडक्याने चुरा पुसून काढावा. मग साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोटांच्या बेचक्या चोळाव्यात, नखांखाली मऊ ब्रश फिरवावा. चिकट डाग उरलाच तर त्यावर खोबरेल तेल चोळून लगेच पुन्हा साबण लावावा. जो चिकटा पाण्याने सुटत नाही, तो तेलाने सुटतो. शेवटी लिंबाची फोड फिरवून हात धुवावेत. निकोटिन अल्कधर्मी असल्याने आंबट रसाशी मिळून ते पाण्याबरोबर सहज निघते. कात्रीने बोट कापले असेल तर लिंबू टाळावे. रॉकेल किंवा ब्लीचिंग पावडर मुळीच वापरू नये.

कामाची साडी वेगळी ठेवावी. घरात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनीही असेच हात धुऊन मगच बाळाला उचलावे. अर्थात, त्यांच्यासाठी खरा उपाय विडी सोडणे हाच!