प्लाझ्मा : कणांचा घोळका की प्रवाह?

अंजूरफाट्याला गर्दीच्या वेळी एका कडेला उभे राहून पाहा. ठाणे, भिवंडी आणि चिंचोटी या तिन्ही बाजूंनी गाड्या येत असतात. एखादा कंटेनर वळता वळता अडतो, त्याच्या बगलेतून रिक्षा निसटते. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. आता जवळच्या एखाद्या उंच गच्चीवर जा. तेथून दिसतो तो नुसता लोंढा. मिनिटाला गाड्या किती, दाटी किती, सरासरी वेग किती, एवढे सांगितले की भागते.

प्लाझ्माच्या अभ्यासकांपुढे हाच पेच असतो. अणूंतून सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि उरलेले आयन यांचे मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. पेटलेल्या ट्यूबलाइटमध्ये तो असतो. सूर्यावरून सतत वाहणारा सौर वाराही प्लाझ्माच.

या वाऱ्याचा एक तडाखा मुंबईत नोंदला गेला आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांना सूर्यावर लखलखाट दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूची अस्वस्थ झाल्या. पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. (पुढे विजेच्या ट्रामचा अडथळा नको म्हणून हे वेध अलिबागला हलवले गेले. तेथील वेधशाळा १९०४ सालची.) सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे. लोंढ्याचा सरासरी वेग तुम्हीच काढा. सेकंदाला दोन हजार किलोमीटरांहून अधिक येईल.

येथे मी 'लोंढा' म्हणालो खरा, पण तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे का? हवेचे रेणू मिलिमीटरचा दहाहजारावा भागही न जाता एकमेकांवर आदळतात. या धक्काबुक्कीमुळेच ते एकजुटीने वाहतात. नेहमीच्या सौर वाऱ्यात मात्र पृथ्वीजवळ घनसेंटिमीटरला जेमतेम पाचएक प्रोटॉन असतात, आणि सूर्यापासून इथवर येताना एखाद्या प्रोटॉनची टक्कर झाली तर झाली! तरीही पुलाच्या खांबापुढे पाणी उसळावे तसा हा वारा पृथ्वीपुढे तुंबतो आणि बाजूंनी वळतो.

टकरींचे काम येथे चुंबकी क्षेत्र करते. क्षेत्र दुबळे, सुमारे ५ नॅनोटेस्ला. पण ते प्रोटॉनला गोल फिरवते. वर्तुळाची त्रिज्या साधारण शंभर किलोमीटर. पृथ्वीचा व्यास १२,७०० किलोमीटर! इतक्या मोठ्या मापावर पाहिले की कण क्षेत्राला बांधलेलेच दिसतात. म्हणून आल्फवेन यांनी १९४२ साली मांडलेले चुंबकी प्रवाहाचे गणित येथे चालते. त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र वारा जेथे तुंबतो ती सीमा स्वतःच काही वर्तुळांएवढी पातळ असते. काही आयन तेथून उलटे परततात, आणि सरासरी फसवते. रस्त्यावर दोन्ही दिशांना गाड्या भरधाव धावत असल्या, तरी दिशेसह सरासरी वेग शून्य येऊ शकतो. गच्चीवरून तुम्ही म्हणाल, वाहतूक ठप्प आहे!

यासाठी व्लासोव्ह यांनी १९३८ मध्ये मधला मार्ग काढला : प्रत्येक ठिकाणी कोणत्या वेगाचे किती कण आहेत तेवढे लिहायचे. त्यावरून लँडाऊ यांनी १९४६ मध्ये दाखवले, की प्लाझ्मातील तरंग एकही टक्कर न होता विरू शकतो. तरंगाच्या जवळपास वेगाने चालणारे कण त्याची ऊर्जा पळवतात. सरासरी वेगाच्या समीकरणात हे कण दिसतच नाहीत.

आज संगणक कणांनाच चालवतो, पण सगळ्यांना नाही. एक हिशेबी कण असंख्य खऱ्या कणांचा प्रतिनिधी. अवकाशाच्या चौकटी पाडून त्यांवर क्षेत्र काढायचे, त्याने कण ढकलायचे, कण हलले की क्षेत्र पुन्हा काढायचे. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत प्लाझ्मातील तरंग असे दोन्ही रीतींनी, प्रवाह मानून आणि कण मानून, तपासले जातात.