सातपुड्याला टेकलेली खिडकी

घराच्या खिडकीपासून दोन हात मागे उभे राहा. आधी उजवा डोळा झाकून बाहेर बघा, मग डावा झाकून. डाव्या डोळ्याला बाहेरचं उजवीकडचं थोडं जास्त दिसतं, उजव्याला डावीकडचं. दोन डोळ्यांत साधारण ६.५ सेंटिमीटर अंतर असतं, त्याचा हा परिणाम. चौकट जवळ आहे आणि अंगण तिच्यापलीकडे, हे मेंदू या फरकावरूनही ओळखतो.

दोन डोळ्यांसाठी दोन फोटो काढून खोली दाखवणाऱ्या स्टिरिओ छायाचित्रालाही अशीच खिडकी असते. फोटोची कड हीच तिची चौकट. ती नीट बसली नाही, तर चांगलं चित्रही डोळ्यांना त्रास देतं. हे पाहायला खानदेशातल्या फैजपूरसारखी जागा नाही, कारण इथे समोर केळीची बाग आणि मागे सातपुडा एकाच फोटोत मिळतो.

वारा पडलेला असताना बागेच्या कडेला जा; पान हललं की दोन फोटो जुळत नाहीत. पहिलं खोड दोनेक मीटरवर ठेवा. डाव्या पायावर भार देऊन मोबाइलने एक फोटो घ्या, मग उजव्या पायावर भार टाकून दुसरा. मोबाइल ६-७ सेंटिमीटर सरकला की पुरे. दोन्ही वेळा सातपुड्याचं एकच शिखर बरोबर मध्यभागी असू द्या. एखादा घड मुद्दाम कडेला अर्धा कापला जाऊ द्या.

दोन्ही फोटो ६ सेंटिमीटर रुंद छापून शेजारी-शेजारी चिकटवा, डावा डावीकडे. मध्ये पुठ्ठा उभा धरून तो नाकाला टेकवा आणि दूर डोंगराकडे बघतो तशी नजर सैल सोडा. दोन चित्रांचं एक होईल. खोडं एकामागे एक उभी राहतील, पण कडेचा तो घड मात्र डोळ्यांना बोचेल.

शिखर दोन्ही फोटोंत एकाच जागी आहे, म्हणून चौकट थेट सातपुड्याला जाऊन टेकली आहे. सगळी बाग खिडकीच्या अलीकडे आली. डोळे सांगतात, घड चौकटीच्या पुढे आहे. पण त्याला कापते आहे ती चौकटच, आणि मागची वस्तू पुढच्या वस्तूला झाकू शकत नाही. दोन साक्षी जुळत नाहीत, त्यामुळे डोळे ताणले जातात.

आता कात्री घ्या. डाव्या फोटोची डावी कड आणि उजव्या फोटोची उजवी कड जेमतेम २ मिलिमीटर कापा. पुन्हा बघा. चित्रं जागची हललेली नाहीत, पण चौकट डोंगरावरून निघून पहिल्या खोडाच्याही अलीकडे आली. तोच अर्धा घड आता खिडकीआड लपलेला दिसतो. मला या विद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: डोंगरापासून बागेपर्यंतचं अंतर २ मिलिमीटरच्या कागदात मावतं.

चौकटीला न शिवणारी वस्तू मात्र खुशाल पुढे यावी. २०१३च्या ‘झपाटलेला २’ या मराठीतल्या पहिल्या थ्रीडी चित्रपटासारखं काही बघताना लक्ष ठेवा: अंगावर येणारी वस्तू पडद्याच्या मधोमध असेल तर ती खरी वाटते, बाजूच्या कडेने कापली गेली की तिचा जोर ओसरतो.

खानदेशाच्या परिसराला ही कला नवी नाही. अजिंठ्याची चित्रं उतरवायला १८४४मध्ये नेमलेल्या रॉबर्ट गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला. पश्चिम भारतातलं स्थापत्य आणि निसर्ग दाखवणाऱ्या त्याच्या शंभर स्टिरिओ छायाचित्रांचं पुस्तक १८६४मध्ये लंडनला निघालं. १८७९मध्ये तो वारला. त्याची कबर फैजपूरपासून जवळच, भुसावळला आहे.

फोटो घेताना दोन्ही बाजूंना थोडी जागा जास्तच सोडा. कात्रीला ती लागणार आहे.