प्लेटा जळाल्या, पण कशाने?

पाय दाबला की इंजिनचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा सरसर वर जातो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात राहते. दोनेक सेकंदांनी मागून धक्का बसावा तशी ती पुढे जाते. ऑटोमॅटिक गाडी असं करू लागली की गॅरेजमध्ये म्हणतात, ‘गाडी स्लिप मारतेय’. पुष्कळदा तेवढ्यावरच निकाल लागतो. गिअरबॉक्स खोलावा लागेल, प्लेटा गेल्या असणार, खर्च अमुक. भोसरी एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये बसून मी हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. तिथले उस्ताद मात्र पान्याला हात लावण्याआधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारत होते.

गाडी होती एका निवृत्त शिक्षकांची. चार गिअरची, पेट्रोलवर चालणारी जुनी सेडान.

“सर, गार असताना सुटतो की तापल्यावर?”

“सकाळी निघताना काही नसतं हो. घाट लागला की नुसती रेस होते, ओढतच नाही.”

“पहिल्या-दुसऱ्यात पण होतं का? रिव्हर्स नीट लागतो?”

“ते सगळं ठीक आहे. पुढच्या गिअरांत होतं.”

“मग एवढ्यात गिअरबॉक्स गेला असं धरून चालू नका. आधी बघू तर.”

या प्रश्नांतच अर्धं निदान असतं. गार गाडीत गिअर उशिरा लागत असेल आणि तापल्यावर सुधारत असेल, तर संशय कडक झालेल्या रबरी सीलवर जातो, कारण उष्णतेने सील थोडं मऊ होतं. तापल्यावर बिघडत असेल, तर उलट विचार करायचा. तापलेलं तेल पातळ होतं आणि आत कुठे फट असेल तर तिथून पळ काढतं.

सगळा मामला तेलाच्या दाबाचा आहे. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्या आतून सारख्या नसतात. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमधून आपल्याकडे लोकप्रिय झालेल्या एएमटीत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लचप्लेट असते, ती फक्त यंत्र दाबतं. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात. सरांची गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली होती. तिच्यात इंजिनची ताकद आधी तेलातून पलीकडच्या टर्बाइनला मिळते आणि तिथून प्लॅनेटरी गिअरांच्या संचात जाते. या संचातले दाते कायम एकमेकांत अडकलेले असतात. कुठला भाग फिरवायचा आणि कुठला रोखायचा, हे ठरवतात आतले क्लच आणि बँड, आणि ते आवळले जातात तेलाच्या दाबाने. म्हणून ‘गिअर सुटतो’ असं आपण म्हणत असलो तरी दाते सुटत नाहीत, सुटतात त्या क्लचच्या प्लेटा. दाब पुरेसा नसेल तर प्लेटा पुरत्या आवळल्या जात नाहीत. त्या घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की जळतात.

पहिली तपासणी तेलाची. या गिअरबॉक्सला डिपस्टिक होती. (नव्या अनेक गाड्यांना ती नसते. ठरावीक तापमानाला बूच उघडून पातळी पाहावी लागते.) गाडी फिरवून तापवली, इंजिन चालू ठेवलं, लिव्हर एकेका खाचेत थोडं थांबवून परत पार्किंगमध्ये आणलं आणि मग डिपस्टिक ओढली. तापल्यावर तेल फुगतं, त्यामुळे गार गाडीत घेतलेली पातळी फसवते. पातळी बरोबर निघाली. उस्तादांनी एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. लाल रंग जाऊन तपकिरी झाला होता आणि वासाला करपटपणा होता. तेल दुधाळ गुलाबी असतं, तर रेडिएटरमधलं पाणी आत शिरल्याचा संशय आला असता. तसं काही नव्हतं.

“वासावरून प्लेटा जळाल्यात एवढं कळलं,” उस्ताद म्हणाले. “का जळाल्या ते वास सांगत नाही.”

मग स्कॅनर लावला. पी०७३३ आणि पी०७३४ असे दोन कोड आले, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. सोलेनॉइडच्या, म्हणजे तेलाची वाट उघडबंद करणाऱ्या विजेच्या झडपांच्या, बिघाडाचा एकही कोड नव्हता. स्कॅनरची हद्द इथे संपते. गुणोत्तर चुकतंय हे त्याला कळतं, कशामुळे ते कळत नाही.

म्हणून गाडी चालवून बघायला आम्ही नाशिक रस्त्याने चाकणच्या दिशेला निघालो. उस्ताद चालवत होते आणि शिकाऊ मुलगा मागे बसून स्कॅनरवरचे तीन आकडे वाचत होता: इंजिनचा वेग, टर्बाइनचा वेग आणि गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग. पहिल्या दोन आकड्यांत थोडा फरक राहतो. तो कन्व्हर्टरचा, आणि लॉक-अप नसताना, म्हणजे कन्व्हर्टर आतून जखडलेला नसताना, तो असायलाच हवा. खरी नजर ठेवायची दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यावर. या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर एकास एक गुणोत्तराचा, म्हणजे तिसऱ्यात टर्बाइन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरले पाहिजेत. गाडी पुरती तापेपर्यंत ते तसेच फिरत होते. मग एका चढाला उस्तादांनी पाय दाबला. “टर्बाइन तीन हजार, शाफ्ट चोवीसशे,” मुलगा ओरडला. मधले सहाशे फेरे प्लेटांवर घासून उष्णतेत जात होते. उस्तादांनी लगेच पाय उचलला. दुखणं दिसलं, आता ते वाढवण्यात अर्थ नव्हता.

गॅरेजात परतल्यावर स्टॉल टेस्ट झाली. चाकांना उटी, हँडब्रेक, पायाचा ब्रेक घट्ट, गाडीसमोर कुणी नाही, लिव्हर डी मध्ये आणि पूर्ण अॅक्सिलरेटर. हे पाच सेकंदांपेक्षा जास्त करायचं नसतं, कारण सगळी ताकद कन्व्हर्टरमधल्या तेलाला तापवण्यात जाते. आरपीएम पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा वर गेले तर आत काहीतरी घसरतंय. खालीच अडले तर इंजिन कमजोर किंवा कन्व्हर्टर बिघडलेला. तेल गार होऊ देऊन हीच चाचणी रिव्हर्समध्ये झाली. दोन्हीकडे आकडा बरोबर आला.

इथे एखादा मिस्त्री गोंधळला असता. रस्त्यावर गाडी उघड स्लिप मारते आणि चाचणी म्हणते सगळं ठीक. पण उभ्या गाडीत डी म्हणजे पहिला गिअर. त्यामुळे ही चाचणी पहिल्या आणि रिव्हर्सच्या क्लचचीच परीक्षा घेते, तिसऱ्याची नाही. उस्तादांनी भिंतीवर लावलेला तक्ता दाखवला. आडवे गिअर, उभे क्लच, आणि ज्या गिअरला जो क्लच लागतो तिथे फुली. फॉरवर्ड क्लच पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात. बँड दुसऱ्या आणि चौथ्यात. हाय क्लच तिसऱ्या आणि चौथ्यात. पहिला-दुसरा ठीक आहेत, म्हणून फॉरवर्ड क्लच आणि बँड सुटले. तिसऱ्या-चौथ्यात सामाईक उरला एकटा हाय क्लच. गाडीचा एक नटही न खोलता संशयित एकावर आला होता.

तरी काम थांबलं नाही. गिअरबॉक्सच्या अंगावर दाब मोजायला एक बूच असतं. ते काढून तिथे गेज लावलं. आयडलला पाच बारच्या आसपास, जोर दिल्यावर दहाच्या वर. पंप आणि मुख्य दाब दोन्ही निर्दोष ठरले. मग तळाचं तेलाचं चेंबर उतरवलं. तळाच्या चुंबकांवर करड्या रंगाचा बारीक लगदा होता. तो नेहमीच्या झिजेचा, प्रत्येक गिअरबॉक्समध्ये सापडतो. त्याच्यात मिसळलेली काळी भुकटी मात्र प्लेटांच्या अस्तराची होती.

वर दिसणारी, तेलाला वाटा दाखवणारी व्हॉल्व्हबॉडी सोडवली, तेव्हा केसमध्ये प्रत्येक क्लचकडे जाणारी तेलाची भोकं उघडी पडली. सोलेनॉइड मल्टिमीटरने तपासून बाजूला ठेवले. कॉम्प्रेसरची हवा कमी दाबावर आणून उस्तादांनी रबरी टोकाची नळी एकेका भोकाला लावली. फॉरवर्ड क्लचला आतून ‘थप्’ असा भरीव आवाज आला. पिस्टनने प्लेटा आवळल्याचा. हाय क्लचच्या भोकाला आधी दुबळा ‘थप्’ आणि मागोमाग न थांबणारी फुसफुस. हवा निसटत होती.

“आता खोलायचा,” ते म्हणाले. सरांना फोन करून काय सापडलं आणि कशामुळे खोलतोय, हे समजावून सांगितल्यावरच गिअरबॉक्स खाली उतरला.

हाय क्लचचा ड्रम उघडला, तेव्हा मुलाने हातात घेतलेल्या प्लेटा काळ्या ठिक्कर पडल्या होत्या. कागदी तंतूंचं अस्तर जागोजागी उडालं होतं आणि मधल्या पोलादी प्लेटांवर निळे डाग होते. “सापडलं, उस्ताद!” तो म्हणाला.

“हे आपल्याला वासावरूनच माहीत होतं. पुढे बघ.”

स्प्रिंग दाबून पिस्टन बाहेर काढला. सीलच्या कडा बोटाने चाचपल्या. मऊ होत्या, चीर नव्हती. शाफ्टवरच्या रिंगाही शाबूत. मग त्यांनी पिस्टनमधल्या हरभऱ्याहून लहान पोलादी गोळीकडे बोट दाखवलं. क्लच सुटल्यावरही ड्रम फिरतच राहतो आणि आत उरलेलं तेल फिरण्याच्या जोराने कडेला फेकलं जाऊन पिस्टनला ढकलू बघतं. त्या तेलाला वाट द्यायला ही गोळी जागेवरून सरकते. दाब आला की तिने परत बसून भोक बंद करायचं. उस्तादांनी पिस्टन दाबाची बाजू वर करून धरला आणि त्यात थोडं डिझेल ओतलं. आम्ही तिघेही खालून बघत होतो. गोळीखाली थेंब जमला, सुटला, दुसरा जमला. भिंगातून पाहिल्यावर गोळी बसते त्या कडेला झिजेची खाच दिसली. एवढ्याशा खाचेतून तापलेलं पातळ तेल निसटत होतं आणि चढाला जोर लागला की क्लच सैल पडत होता.

पिस्टन बदलला. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजत ठेवल्या. जळालेली भुकटी फिरून आत येऊ नये म्हणून कन्व्हर्टर बदलला आणि कूलरच्या नळ्या धुतल्या. जोडणी झाल्यावर हवा लावली तेव्हा ‘थप्’ भरीव आला आणि फुसफुस बंद होती. रस्त्यावर, तापलेल्या गाडीत, चढाला, दोन्ही आकडे बरोबरीने चालले.

उस्तादांनी प्लेटा पाहून हात आखडता घेतला असता आणि फक्त त्याच बदलल्या असत्या, तर सरांची गाडी सुरुवातीला छान पळाली असती. मग त्याच खाचेने नव्या प्लेटाही जाळल्या असत्या. आपल्याकडे गिऱ्हाईक पार्टचे पैसे कुरकुर न करता देतं, पण ‘नुसतं बघितलं त्याचे कसले पैसे?’ असं विचारतं. या कामातला सर्वांत मोलाचा भाग ते बघणंच आहे. प्रश्न, थेंब, तीन आकडे, तक्ता, गेज, हवा, आणि कारण मिळेपर्यंत न थांबण्याची चिकाटी. त्याचे पैसे मिळाले नाहीत तर गॅरेजं बघणं सोडून थेट खोलायला लागतात, आणि त्याची किंमत गाडीवाल्यालाच मोजावी लागते.

तुमची गाडी स्लिप मारू लागली तर ती तशीच दामटू नका, प्रत्येक घसरणीत प्लेटा झिजतात. आणि गिअरबॉक्स खोलायला होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा. तेल तापलेल्या गाडीत तपासलं का? कोणत्या गिअरात सुटतो ते चालवून पाहिलं का? दाब मोजला का? काम झाल्यावर चौथी विचारा: प्लेटा जळाल्या त्या कशाने? या चौथ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देणारा मिस्त्री भेटला, तर त्याच्या तपासणीचे पैसे घासाघीस न करता द्या.