तेल पोहोचतंय का?
जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटारींच्या तेलपुरवठ्याची तपासणी

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात तेल साठलेलं असतं. पट्टी बुडवली की पातळी कळते, कमी असेल तर ओतता येतं. टू-स्ट्रोकला ही सोय नाही. हवा आणि पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये शिरतात, तिथून सिलिंडरमध्ये जातात. बरोबर आलेलं तेल वाटेत बेअरिंगांवर आणि पिस्टनवर बसतं, उरलेलं जळून धुरावाटे निघून जातं. म्हणून इथे तेल साठवून भागत नाही, ते क्षणोक्षणी पुरवावं लागतं. भर वेगात हा पुरवठा तुटला तर काही मिनिटांत पिस्टनवर ओरखडे उठतात आणि मोटार जाम होते. रस्त्यावर स्कूटर जाम झाली तर ढकलत नेता येते, खाडीच्या मुखाशी ओहोटीत होडी ढकलता येत नाही.

बजाजच्या जुन्या स्कूटरीत पेट्रोल भरतानाच टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल मापाने ओतून घ्यावं लागे. यामाहा आरएक्स १०० ला मात्र वेगळी तेलटाकी आणि पंप होता. आउटबोर्डमध्येही हेच दोन पंथ. कोकणातल्या लहान होड्यांच्या आउटबोर्ड मोटारींना इंधनात हाताने तेल मिसळून देण्याची रीत जुनी आहे. ५०:१ प्रमाण असेल तर २५ लिटरला अर्धा लिटर तेल. यात बिघडण्यासारखं काही नाही. बिघडलं तर माणसाचं माप. भानगडी सुरू होतात त्या पंपवाल्या मोटारींत.

तीन कंपन्या, तीन रचना

अमेरिकेतल्या ओएमसी कंपनीने जॉन्सन आणि एव्हिनरूड मोटारींवर १९८४ च्या मॉडेलांपासून ‘व्हीआरओ’ नावाचा पंप बसवला. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर तो चालतो आणि पेट्रोल व तेल दोन्ही खेचून एकत्र करूनच पुढे कार्ब्युरेटरकडे ढकलतो. तेलाचं प्रमाण पूर्ण वेगाला ५०:१, तर अगदी मंद गतीला सुमारे १५०:१.

मर्क्युरीच्या मोठ्या मोटारींत पंप क्रँकवरून गिअरने फिरतो. होडीतल्या मोठ्या टाकीतलं तेल क्रँककेसच्या दाबाने इंजिनावरच्या छोट्या टाकीत चढतं. यामाहाच्या मोठ्या मोटारींत हे चढवण्याचं काम विजेचा पंप करतो आणि इंजिनावरचा पंप प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या नळीने तेल देतो.

रचना ठाऊक असली की निम्मं निदान तिथेच होतं. मर्क्युरीच्या वरच्या टाकीतलं तेल उतरतंय आणि खालची भरलेली आहे, तर बहुतेकदा खालच्या टाकीचं झाकण दाब धरत नसतं. झाकणाचं रबर आणि दाबाच्या नळीतली एकमार्गी झडप आधी बघावी. हीच तक्रार यामाहात असेल तर तारांचे गंजलेले जोड, तरंगत्या सेन्सरचा अडकलेला गोळा आणि टाकीतली जाळी तपासावी.

धुरावर विश्वास नको

धूर निघतोय म्हणजे तेल जातंय, असा बऱ्याच जणांचा हिशेब असतो. तो फसवा आहे. व्हीआरओमध्ये पेट्रोलची वाट तुंबली, उदाहरणार्थ फिल्टर चोंदला किंवा नळी आतून सोलवटली, तर पंप पेट्रोलऐवजी तेलच जास्त ओढू लागतो. धूर वाढतो, मोटार अडखळते. मालक तेलाच्या पंपाला शिव्या घालतो आणि दोष असतो पेट्रोलच्या फिल्टरमध्ये. चालू मोटारीत पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब चपटा होत असेल तर वाट तुंबल्याची ती खूण समजावी.

तेलाचा इशारा देणाऱ्या भोंग्याचंही तसंच. भोंगा तेल मोजत नाही. काही मॉडेलांत तो फक्त टाकीतली पातळी कमी झाल्याचं सांगतो. टाकी काठोकाठ आहे आणि पंप बंद आहे, अशा वेळी तो गप्प राहतो. शिवाय जुन्या होडीत भोंग्याची तारच तुटलेली असू शकते.

मग खात्री कशी करायची? मोजून. पहिली गोष्ट, तपासणीपुरतं सुट्या टाकीत ५०:१ मिश्रण भरून मोटार त्यावर चालवावी. पंप चालत असेल तर काही काळ दुप्पट तेल जाईल, प्लग काळे पडतील, इतकंच. पंप बंद असेल तर मोटार वाचेल. दुसरी गोष्ट, तेलटाकीवर चिकटपट्टी लावून पातळीची रेघ मारावी. व्हीआरओवाली मोटार २५ लिटर जाळते तेवढ्यात, सतत पूर्ण वेगाला अर्धा लिटर आणि नुसती रेंगाळत चालवली तर पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास तेल उतरायला हवं. रेघ हललीच नाही, तर पुढचा शोध सुरू.

हा शोध टाकीपासून पंपाकडे करावा. तळाशी पांढरट, दुधासारखं तेल दिसलं तर पाणी शिरलंय. टाकी आणि नळ्या धुवाव्या लागतील. शोषनळीच्या तोंडची जाळी काढून बघावी. नळीत बुडबुडे दिसले तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. बारीक नळीवर स्क्रूचा क्लँप सगळीकडून सारखा आवळत नाही, संशय तिथूनच घ्यावा. नळी एकदा सोडली किंवा टाकी रिकामी झाली की आत अडकलेली हवा काढणं आलंच. ती पूर्ण निघेपर्यंत मिश्रणावरच चालवावं. थ्रॉटलशी जोडलेला पंप असेल तर त्याच्या दांडीच्या खुणा जुळतात का, तेही पाहावं.

एकच पिस्टन गेला तर

जाम झालेली मोटार उघडल्यावर आधी मोजावं, किती पिस्टन ओरखडले. व्हीआरओ सगळ्यांसाठी मिळून एकच मिश्रण करतो. त्याने दगा दिला तर झळ सगळ्या सिलिंडरांना बसते. एकच पिस्टन गेला असेल तर त्याच्या कार्ब्युरेटरचं जेट तपासावं. पेट्रोल कमी आलं तर त्याच्यातलं तेलही कमी येतं. यामाहात मात्र एका सिलिंडरची तेलनळी तुंबूनही असं होऊ शकतं. हे न पाहता नवा पंप आणि नवा पिस्टन घातला, तर पिस्टन पुन्हा जाईल.

टाकीत मोटारसायकलचं टूटी ऑइल ओतू नये. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी राख न सोडणारं, ‘टीसी-डब्ल्यू३’ असा शिक्का असलेलं तेल लागतं.

राहिला प्रश्न व्हीआरओ पंप ठेवण्याचा की काढण्याचा. ओएमसी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, नव्या मालकांनी २०२० मध्ये एव्हिनरूडही बंद केली. त्यामुळे कंपनीच्या पाठबळाशिवाय पंप सांभाळण्यापेक्षा तो काढून साधा पेट्रोलपंप बसवणं आणि हाताने मिसळणं, हा सरळ मार्ग बऱ्याच जणांना पटतो. मंद गतीला धूर आणि खर्च वाढेल, पण चालेल. मात्र नळ्यांची मोकळी तोंडं नीट बंद करावीत आणि पेट्रोलच्या टाकीवर ‘तेल मिसळूनच भरा’ असं ठळक लिहावं. होडी उद्या दुसऱ्याच्या हातात जाते, आणि तेलटाकी दिसली की कोणीही साधं पेट्रोल भरून मोकळा होतो. म्हणून ती रिकामी तेलटाकीही काढूनच टाकावी.