पेरणी आपली, उगवण देवाची

आषाढीची वारी आटोपून श्रीगजाननमहाराजांची पालखी पंढरपुराहून परत येते, तेव्हा शेवटच्या टप्प्यात ती खामगावाहून शेगावला जाते. त्या दिवशी सारे गाव पहाटेपासून रस्त्यावर असते. म्हातारेकोतारे, कॉलेजातली मुले, कडेवर पोर घेतलेल्या बाया, सगळी पालखीबरोबर शेगावपर्यंत पायी निघतात. अशाच एका पहाटे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी चहा घेत बसलो होतो. घर रस्त्यालगतचे आणि ख्रिस्ती कुटुंबाचे. टाळांचा आवाज जवळ आला, तसा त्याचा नऊ वर्षांचा मुलगा धावत आत आला.

"पपा, आमच्या वर्गातले सगळे शेगावला चालत चालले. मी जाऊ?"

बाप गप्प झाला. वाचकहो, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. 'जा' म्हणावे, तर आपण रोज संध्याकाळी मुलाला जे शिकवतो त्याचे काय? 'नको' म्हणावे, तर उद्या वर्गात त्याने मित्रांना काय सांगावे? बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार भरली. तीत ख्रिस्ती माणसे शेकडा एकही नाहीत. एवढ्या थोड्यांत वाढणाऱ्या मुलाला आपण निराळे आहोत हे फार लवकर कळते. का निराळे आहोत, हे मात्र आईबापांनाच सांगावे लागते.

बापाच्या मदतीला आजी धावून आली. "पयले तांब्या घे," ती नातवाला म्हणाली, "फाटकापाशी उभा राह्य अन् चालनाऱ्यायले पाणी दे. मंग सांगतो तुले."

मुलगा तांब्या-पेला घेऊन गेला. दोन तास घागरीमागून घागर रिकामी झाली. तो ओलाचिंब होऊन परतला, तेव्हा आजीने त्याला जवळ बसवले आणि विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. तहानलेल्या येशूने तिच्याजवळ पाणी मागितले, आणि तीच चकित झाली, कारण येशूचे यहुदी लोक तिच्या लोकांशी पाण्याचादेखील व्यवहार ठेवीत नसत. गोष्ट संपवून आजी म्हणाली, "माह्या आजीच्या हातचं पाणी या गावात कोनी पेत नव्हतं, बापू. आज तुह्या हातचं कितीक जन पेऊन गेले. हे ध्यानात ठेव."

आजीची ही आजी कोण, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाले. त्या काळी 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या अमेरिकन मिशनचे काम या भागात नुकतेच सुरू झाले होते. मिशनने निराधार मुलांसाठी अनाथालये काढली. अकोल्याला मुलग्यांचे आणि खामगावला मुलींचे. त्या मुलींपैकीच ही एक. अशा लेकरांना प्रार्थना शिकवली ती परक्या माणसांनी, घंटेच्या ठोक्यावर. पुढे त्यांची लग्ने झाली, मुले झाली, आणि आईच्या मांडीवर बसून प्रार्थना कशी शिकतात हे ज्यांनी स्वतः कधी पाहिले नव्हते, त्यांनाच ती आपल्या मुलांना शिकवावी लागली. वऱ्हाडातल्या कित्येक ख्रिस्ती घरांचा आरंभ असा आहे.

बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना आज्ञा आहे, की देवाची वचने मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना सांगत जा. देवळाचा किंवा शाळेचा तिथे उल्लेख नाही. उल्लेख आहे तो घराचा आणि वाटेचा. या घरात मला ते पाहायला मिळाले. ताट वाढले की सगळे मान खाली घालतात आणि पाळीपाळीने एकेकजण उपकारस्तुती करतो. मुलाची पाळी आली की प्रार्थनेत शाळेतले क्रिकेटही येते. त्यावर कोणी हसत नाही.

पण या शिकवण्याला एक मर्यादा आहे, आणि मला तीच फार मोलाची वाटते. अलायन्सच्या मंडळीत तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करीत नाहीत. आईबाप मूल घेऊन मंडळीपुढे उभे राहतात आणि ते देवाला अर्पण करतात, इतकेच. बाप्तिस्मा ज्याचा त्याने, जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने मागायचा असतो. म्हणजे आईबापांनी वर्षानुवर्षे शिकवायचे आणि शेवटचा शब्द मुलावर सोपवायचा!

हा संयम कठीण आहे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात त्याची कसोटी पुष्कळदा लागली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू दूर होते. पुढे संसार पुन्हा एकत्र आला, तरी बाईंचे सोवळे काही काळ चाललेच. टिळक कवी होते, शीघ्रकोपी होते, पण धर्माच्या बाबतीत त्यांनी पत्नीच्या मनाची वाट पाहिली. बाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे माहीत आहे. टिळकांचे 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूने १९१९ साली अपुरे राहिले, ते पुढे नेले याच बाईंनी. सक्तीने असे काम होते का?

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून अवघड. त्यांना संस्कृत आणि पुराणे शिकवली ती आईने, पहाटेच्या वेळी. त्या शिकवणीतून उभी राहिलेली मुलगी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती झाली. अडीच वर्षांच्या मनोरमेचा बाप्तिस्माही त्याच दिवशी झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन रमाबाईंच्या धर्ममाता. पण धर्ममतांवरून दोघींचे खटके उडाले, आणि मनोरमेला काय शिकवावे हाही त्या वादाचा एक विषय होता. १९७७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना जाणवते, की आपल्या लेकराच्या श्रद्धेचा भार ही आई दुसऱ्या कोणावर टाकायला तयार नव्हती. मनोरमाबाई मोठेपणी आईच्या खांद्याला खांदा लावून केडगावच्या मुक्तिसदनात राबल्या. १९२१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी रमाबाई.

आजच्या आईबापांपुढे आणखी एक अडचण आहे. माझ्या विद्यार्थ्याची मुले इंग्रजी शाळेत जातात. टिळकांची गीते 'उपासना संगीता'तून ती सुरात गातात, पण शब्द अडतात. रमाबाईंनी अखेरच्या दिवसांपर्यंत खपून केलेले मराठी बायबल त्यांना जड जाते. मी म्हटले, "मग इंग्रजीतून प्रार्थना करू द्या." आजी पटकन म्हणाली, "देवाले इंग्रजी येते, सर. मालेच येत नायी ना! पोट्टं काय मांगते ते मले कसं कयन?" मराठीच्या प्राध्यापकाने यावर काय बोलावे!

निघताना मी विद्यार्थ्याला विचारले, "मुलाला शेवटी काय सांगितलेस?"

"नाही म्हणालो," तो म्हणाला. "पाणी दे, मित्रांबरोबर खेळ, दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे खा, नाताळच्या करंज्या त्यांना ने. पण पालखीबरोबर चालणे म्हणजे नुसते चालणे नव्हे, ती त्यांची भक्ती आहे. तिची आपण नक्कल करू नये. मोठा झालास म्हणजे तुझे तू ठरव."

"आणि त्याने वेगळेच ठरवले तर?"

तो जरा थांबला. "मोठी मुलगी सोळा वर्षांची आहे, सर. देवळात गाते, पण बाप्तिस्मा अजून मागितलेला नाही. विचारावेसे रोज वाटते. अगदी जिभेवर येते. मग आई माझ्याकडे बघते, अन् मी गप्प बसतो. पेरणी आपली, उगवण देवाची, असं ती म्हणते."

कापसाच्या मुलखात या वाक्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. पेरलेले रोज उकरून पाहिले तर ते उगवत नाही.

दिवाळीत आपल्याही घरी मुले पणत्या लावतील, देवापुढे हात जोडतील आणि एखादे मूल विचारील, "हे का करायचे?" धर्म कोणताही असो, त्या प्रश्नाला रागावू नये आणि तो टाळूही नये. उत्तर द्यावे, आपण स्वतः तसे वागावे, आणि मग मुलाच्या उत्तराची वाट पाहावी. फाटकाबाहेर आलो तेव्हा दिंडी दूर गेली होती. तो मुलगा रिकामा तांब्या राखेने घासत बसला होता.