बॅटरीवरचे गिअर आणि तुळजापूरचा रस्ता

सोलापूरहून तुळजापूर सुमारे 45 किलोमीटर. बरीच वाट सौम्य चढउताराची, पण बालाघाटाच्या डोंगररांगेला भिडल्यावर घाट लागतो आणि बोटांना पटापट गिअर बदलावे लागतात. तिथे चेन अडखळली, की रोडबाईकवाल्याला वाटते, केबल काढून इलेक्ट्रॉनिक गिअर बसवावेत का?

केबलच्या पद्धतीत हँडलवरचा शिफ्टर तार ओढतो आणि चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर सरकतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत बटण दाबले की डिरेलरमधली छोटी मोटर तेच काम करते. फ्रान्सच्या माविक कंपनीने 1990च्या दशकात हा प्रयोग केला, पण तो रुजला नाही. शिमानो कंपनीचे इलेक्ट्रॉनिक गिअर, ड्युरा-एस डीआय2, 2009 मध्ये आले, स्रॅम कंपनीचे बिनतारी ईटॅप 2015 मध्ये. 2022 पासून शिमानोच्या मधल्या 105 श्रेणीतही डीआय2 मिळते.

फायदा खरा आहे. तारच नसेल तर ती ताणणार नाही, धुळीने जडही होणार नाही. 600 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळेच्या मर्यादेतली लांब सायकलफेरी, 40 तासांत संपवायची असते. दुसऱ्या दिवशी बोटे बधिर झालेल्या सायकलस्वाराला हलक्या बटणाचे मोल कळते. बोटांचा संधिवात असलेल्यांसाठी तर ही मोठी सोय आहे.

पण खर्च फक्त डिरेलरचा नसतो. 105 डीआय2 बारा स्पीडचे आहे, शिवाय ते हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठीच बनते. रिम ब्रेकच्या जुन्या फ्रेमवर ते बसवण्याचा विचार सोडलेलाच बरा. दहा-अकरा स्पीडच्या सायकलला शिफ्टर, दोन्ही डिरेलर, कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रे), चेन असे सगळेच बदलावे लागते.

चार्जिंगची धास्ती मात्र फार नको. शिमानोची बॅटरी एका चार्जमध्ये साधारण हजार किलोमीटर चालते. ती उतरत आली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, मागचा काही काळ साथ देतो. खरी अडचण दुरुस्तीची. तुटलेली केबल नेहमीचा मेकॅनिक बदलून देईल. बिघडलेल्या मोटरचा सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. मागचा डिरेलर ज्या हँगरवर लटकतो, तो वाकला असेल तर इलेक्ट्रॉनिक गिअरही नीट पडत नाहीत. म्हणून आधी हँगर सरळ करून घ्या, केबल आणि तिचे बाहेरचे आवरण (आउटर) बदला, चेनची झीज मोजा. लांब ब्रेव्हे किंवा हाताचे दुखणे, यांपैकी काहीच नसेल, तर सोलापूरच्या रस्त्यांसाठी एवढे पुरेसे आहे.